एका मण्याचा ब

आमच्या आत्याच्या दारावर मण्यांचं तोरण होतं. पांढऱ्या मण्यांची जमीन, त्यावर लाल मण्यांत ‘सुस्वागतम’, खालच्या कडेला निळे लोलक. तंगुसात ओवलेलं, वाऱ्यावर खुळखुळणारं. दर दिवाळीला ती ते साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. मी चौथीत होते. बाईंनी पाय मोडलेला म नुकताच शिकवला होता, त्यामुळे जगातल्या प्रत्येक म कडे मी संशयाने बघत होते. तोरणातला शेवटचा म दोन्ही पायांवर धडधाकट उभा होता. मी आत्याला चूक दाखवली.

तिने ती मान्य केली नाही. “खाली ओळच उरली नव्हती,” ती म्हणाली. “पाय मोडायलासुद्धा जागा लागते.”

सु चा उकार मात्र होता. स चा दंड तिने दोन मणी आधीच थांबवला होता आणि उरलेल्या दोन ओळींत उकार वळवून बसवला होता. मग म च्या बाबतीत तसं का नाही केलं, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. आत्याकडे गणिताची चौकटीची वही असायची. तिच्यात आधी लाल पेन्सिलीने घरं भरायची, मोजायची, मग मणी ओवायला घ्यायची. ‘शुभ’, ‘लाभ’, ‘श्री’, कुणाच्या डोहाळजेवणाला ‘बाळराजे’. त्या वहीतली अक्षरं मला लहानपणी कुरूप वाटायची. आता ती वही मिळाली तर मी काय वाट्टेल ते देईन. पण ती आत्याच्या घरबदलीत रद्दीत गेली.

गेली दोन वर्षं मी आणि माझा एक मित्र सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटी गेम करतोय. तो कोड लिहितो, चित्रं आणि अक्षरं माझ्याकडे. वाईची आठवण यावी असं नदीकाठचं गाव, एक बंद वाडा आणि आजोबांच्या दप्तराची किल्ली शोधणारी दहा वर्षांची मुलगी. पडदा ३२० बाय १८० ठिपक्यांचा. आकडा मुद्दाम निवडलाय. सहाने गुणलं की बरोबर १९२० बाय १०८० होतात, म्हणजे साध्या मॉनिटरवर आमचा एकेक ठिपका सहा-बाय-सहाचा स्वच्छ चौकोन होऊन बसतो. घाट झाला, पिंपळ झाला, मांजर झालं (मांजर फारच छान झालंय, पण ते जाऊ दे). मग त्या मुलीला बोलायचं होतं, आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. एक तयार फॉन्ट घेतला आणि बारीक केला. हल्लीचे फॉन्ट बाह्यरेषांचे असतात. अक्षराची कड कुठून कशी वळते याचं गणित त्यात असतं, म्हणून ते पोस्टरवर जेवढे देखणे तेवढेच पुस्तकात. पण बारा ठिपक्यांच्या उंचीत कोंबले की ती कड ठिपक्याच्या मधूनच जायला लागते. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून संगणक तिथे करड्या रंगाचा पोचारा मारतो. आमच्या कडक, चौकोनी घाटावर ती अक्षरं पावसात भिजलेल्या पोस्टकार्डासारखी दिसत होती. करडेपणा बंद केला तर क ला एक डोळा उरला आणि ळ ला एकही नाही. शेवटी एकेक अक्षर घर मोजून हाताने भरायचं ठरलं. बिटमॅप फॉन्ट म्हणजे एवढंच: चौकट, आणि चौकटीतल्या प्रत्येक घरात ‘हो’ किंवा ‘नाही’. आत्याच्या भाषेत लाल मणी किंवा पांढरा.

या कामाला वाडवडील आहेत. १९७६ साली क्विझ शो नावाच्या एका आर्केड यंत्रासाठी लाइल रेन्स यांनी आठ-बाय-आठच्या चौकटीत इंग्रजी अक्षरं भरली. तो खेळ आज कुणाला आठवत नाही. अक्षरं मात्र जवळपास सगळ्यांनी पाहिली आहेत, कारण अटारीच्या आणि मग जपानी नामकोच्या खेळांनी तेच वळण पुढे चालवलं. १९८० च्या पॅकमॅनमधले गुणांचे आकडे आठवा. जाड उभ्या रेघा, बारीक आडव्या, आणि दुरूनसुद्धा ३ चा कधी ८ न होणारे. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकात ९६ चिन्हं होती, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे सगळी मिळून ७६८ बाइट. आजच्या पद्धतीने साठवला तर या लेखाचा पहिला परिच्छेदही तेवढ्यात मावणार नाही.

त्या आठ-बाय-आठमधली खुबी मला फार उशिरा कळली. अक्षर खरं तर सात-बाय-सातातच असतं. एका बाजूचा उभा पट्टा आणि एक आडवी ओळ कोरी सोडलेली असते. त्यामुळे अक्षरं कशीही शेजारी ठेवा, एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येकजण स्वतःचं अंगण घेऊनच येतो. प्रोग्रामरला काहीच बघावं लागत नाही. दर आठ ठिपक्यांवर पुढचं अक्षर ठेवत गेलं की झालं वाक्य.

आणि आपलं सगळं लेखन नेमकं त्या कोऱ्या पट्ट्यातून जातं. शिरोरेषा तिथेच तर सांधली जाते. रोमन अक्षर म्हणजे कुंपणाचा बंगला असेल तर आपलं अक्षर चाळीतलं आहे: सामायिक गॅलरी, माळ्यावर मात्रा, रफार, वेलांटी, अनुस्वार, आणि खाली तळघरात उकार, ऋकार, पाय मोडल्याची काडी. शेजाऱ्याशी संबंध न ठेवता इथे राहताच येत नाही. र्‍हस्व वेलांटी तर बसते एका घरात आणि हात टाकते दुसऱ्याच्या डोक्यावर.

मी हिशेब मांडला. शिरोरेषेला एक ठिपका. तिच्याखाली अक्षराच्या अंगाला आठ. सहात भागेल असं वाटलं होतं, पण सहात ळ, झ, ह, ण हे सगळे एकाच आईची मुलं दिसायला लागले. उकाराला तीन. आणि वर? वर किती हे एकाच शब्दाने ठरवलं: ‘मूर्तींच्या’. तीं च्या डोक्यावर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघं एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसलेले. आमच्या गोष्टीत देवळाचा प्रसंग आहे, त्यामुळे मूर्ती टाळता येत नव्हत्या. चार ठिपके द्यावे लागले. एकूण सोळा. संवादाची चौकट अठ्ठेचाळीस ठिपके उंच, म्हणजे तीन ओळी. इंग्रजीत तिथे सहा मावल्या असत्या.

छापखान्यांनी हाच पेच शिशात सोडवला होता. एक पद्धत अखंड टाइपाची, म्हणजे चिन्हासकट अक्षर एकाच खिळ्यावर. खिळे वाढतात, त्यांची पेटी (केस) मोठी होते, पण काम सरळ. दुसरी डिग्री पद्धत, जिच्यात वरची चिन्हं, मधलं अंग, खालची चिन्हं वेगवेगळ्या छोट्या खिळ्यांवर, आणि कंपोझिटरने ती तीन मजल्यांत जुळवायची. खिळे कमी, कष्ट जास्त. माझा फॉन्ट तत्त्वनिष्ठ नाही. मात्रा, उकार डिग्रीने बसतात. पण रु, रू, हृ, श्री, आणि रफार-वेलांटी-अनुस्वाराचं ते त्रिकूट अखंड. र्‍हस्व वेलांटीच्या तीन रुंद्या केल्या आहेत: र साठी अरुंद, क साठी मध्यम, आणि ‘स्थि’सारख्या पसरट जोडाक्षरासाठी लांब हाताची.

जपान्यांकडून मला धीर मिळाला. त्यांच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रात चित्रं आणि अक्षरं आठ-बाय-आठच्या फरशांतून जुळवायची असत आणि एका तक्त्यात फक्त २५६ फरशा. जपानी अक्षराला डाकुतेन नावाच्या दोन बारीक फटकाऱ्यांची खूण लागते, तिने क चा ग होतो. ती त्या फरशीत मावेना. मग कित्येक खेळांनी ती खूण सरळ वरच्या फरशीत ठेवली. म्हणजे मजकुराची प्रत्येक ओळ दोन ओळींची जागा खाणार, आणि वरची ओळ बहुतेक रिकामी. माळाच की तो. १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्ट या खेळाची गोष्ट तर आणखी पुढची आहे. जपानीच्या दोन लिप्यांपैकी हिरागाना पूर्ण घेतल्यावर काताकानासाठी जागा उरली वीसेक अक्षरांची. दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखी दिसणारी अक्षरं, उदाहरणार्थ ‘हे’ आणि ‘रि’, एकाच फरशीत भागवली. आणि राक्षसांची, मंत्रांची नावं त्या वीस अक्षरांत बसतील अशीच पाडली.

मी ते वाचलं त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की आधी मजकूर, मग फॉन्ट. आता माझी लाज गेली आहे. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द आमच्या गोष्टीत तीनदा होता. द ला ध, त्याला व. आठ ठिपक्यांत हे उभं रचून बघितलं तर कुणीतरी बटाटेवडा चिरडलाय असं दिसायचं. द चा पाय मोडून आडवं लिहिलं तर शब्द पाटीभर लांब. तीनही ठिकाणी मी ‘पडका’ केलं. आता मागे वळून वाचते तेव्हा ‘पडका वाडा’ हेच बरोबर वाटतं. दहा वर्षांची मुलगी ‘उद्ध्वस्त’ कशाला म्हणेल? लेखक म्हणून मला जे आधीच सुचायला हवं होतं ते एका जोडाक्षराने सुचवलं. उलट ‘उद्या’, ‘विद्या’, ‘द्वार’ यांना हात लावला नाही. ‘उद्या’ सारखा शब्द सोडून मराठी माणसाला जगताच येणार नाही, त्याच्यासाठी द्य वर दोन संध्याकाळी घालवल्या.

सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिन्टॉशसाठी शिकागो नावाचा फॉन्ट केला. तिरकी रेघ लागलीच तर ती पंचेचाळीस अंशांची, म्हणजे ठिपक्यांच्या पायऱ्या एकसारख्या पडतात, असा त्यांचा दंडक होता. संगणकाशी संबंध येण्याआधी त्यांनी मोझेक आणि भरतकाम केलेलं होतं, आणि मॅकिन्टॉशची चिन्हं त्यांनी आधी चौकटीच्या वहीत भरली. म्हणजे आमच्या आत्याच्याच घराण्यातल्या. तो दंडक मी भिंतीवर लिहून ठेवला आणि आठवड्याभरात मोडला. र चा पाय, स ची पाठ, प चं पोट यांच्यापुरता तो चालतो. पण आपल्या लिपीत गाठी फार. इ ला गाठ, ह ला गाठ, झ म्हणजे तर गाठींचं गाठोडं. गाठीला पंचेचाळीस अंश कुठून आणणार?

सगळ्यात जास्त मार मात्र मला सोप्या अक्षराने दिला. हा माझा व:

■■■■■■■
□□□□□■□
□□■■■■□
□■□□□■□
□■□□□■□
□■□□□■□
□□■■■■□
□□□□□■□
□□□□□■□

आणि हा ब:

■■■■■■■
□□□□□■□
□□■■■■□
□■□□□■□
□■□■□■□
□■□□□■□
□□■■■■□
□□□□□■□
□□□□□■□

एका मण्याचा फरक. खरं तर ब च्या पोटात तिरकी रेघ असते, पण तीन-बाय-तीनच्या पोकळीत तिरकी रेघ भरली की ती दोन्ही भिंतींना चिकटते आणि पोट फुगून काळं पडतं. मधोमध एकच ठिपका ठेवला तर डोळा तिला आपोआप रेघ मानतो. कसं, ते मला सांगता येणार नाही. वाचणाऱ्याला ब माहीत असतो, तो उरलेली रेघ स्वतः ओढून घेतो. पहिल्या मसुद्यात मी तो ठिपकाही घातला नव्हता. संदर्भावरून कळेल म्हटलं. मित्राने पडद्यावर ‘वागेत जा’ वाचलं आणि विचारलं, “कुणाशी?”

म आणि भ, घ आणि ध, यांचा फरक तर शिरोरेषेत आहे. भ आणि ध च्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटते, म आणि घ ची तुटत नाही. म्हणजे एक पांढरं घर. ते घर चुकून भरलं गेलं की ‘भात’ चा ‘मात’ होतो. म्हणून ‘शिरोरेषा कोडने ओढू, तू फक्त खालची अक्षरं काढ’ ही मित्राची सूचना मला मानता आली नाही. तुटणं हासुद्धा अक्षराचा भाग आहे.

पण त्या सूचनेतून एक गंमत निघाली. मोडी लिहिणारे नेमकं तेच करत. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, लेखणी शक्य तितकी उचलायची नाही. गेममध्ये आजोबांच्या दप्तरात मोडीतली दोन पत्रं आहेत. ती वाचता येण्याची अपेक्षा नाही, मुलगी फक्त उघडून बघते. तिथे मी मित्राच्या कोडला रेघ ओढू दिली. पानभर सलग. त्या दोन पत्रांची अक्षरं काढायला मला अख्ख्या संवादांच्या अक्षरांपेक्षा कमी वेळ लागला, आणि मोडीला घाईची लिपी का म्हणतात ते हाताला कळलं.

आता कोडची बाजू. ती माझी नाही, पण भांडणं माझ्या वाट्याला आली. लहान खेळांसाठी फॉन्ट बनवायची सोपी रीत अशी, की सगळी अक्षरं एका चित्रात मांडायची आणि सोबत एक यादी द्यायची: अमुक क्रमांकाचं अक्षर चित्रात इथे आहे, एवढं रुंद आहे, ते काढून झाल्यावर एवढं पुढे सरका. एक क्रमांक, एक चित्र. इंग्रजीला एवढं पुरतं. आपल्याकडे ‘क्ष’ ला क्रमांकच नाही. तो क, पाय मोडल्याची खूण आणि ष असा तीन तुकड्यांत साठवलेला असतो, आणि दाखवताना जोडाक्षर घडवणं हे वेगळ्या यंत्रणेचं काम. गेम बनवायच्या मोठ्या इंजिनांत ती असते. आम्ही वापरतो त्यात नाही.

ही साठवण्याची रीत आपल्या देशातूनच आलेली आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट या तंत्राचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं. जिस्ट कार्ड संगणकात खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. उच्चाराच्या क्रमाने साठवा, आकाराचं दाखवताना बघू, हा विचार १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाणात पक्का झाला आणि जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. माझ्या वडिलांच्या कचेरीत असा एक संगणक होता. एका शनिवारी त्यांनी मला माझं नाव त्यावर टाइप करू दिलं होतं. काळ्यावर हिरवं, प्रत्येक ठिपका सुटा दिसणारं. घरी येऊन मी ते चौकटीच्या वहीत जसंच्या तसं काढलं, म्हणजे माझा पहिला बिटमॅप फॉन्ट पाच अक्षरांचा होता असं म्हणायला हरकत नाही.

मित्राने तोडगा काढला. युनिकोडमध्ये ६,४०० जागांचं एक गायरान आहे, जिथे कुणीही आपली खाजगी चिन्हं बांधावीत. तिथे आम्ही आमची जोडाक्षरं वसवली. गेमचा सगळा मजकूर एका छोट्या प्रोग्रामने चाळून त्यात खरोखर येणारी अक्षरं काढली, ती साडेतीनशे-चारशेच्या घरात भरली, आणि तेवढीच मी काढली. नव्वदच्या दशकात ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना यात ओळखीचा वास येईल. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवायचे आणि फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी. ज्या पापाला आम्ही वर्षानुवर्षं नावं ठेवली तेच केलं. फक्त आमचं पाप गेमच्या बाहेर जात नाही, ही त्यातल्या त्यात समजूत.

मग ऱ्या चा प्रसंग. वाड्यात स्वयंपाक करणारे आचारी आहेत आणि पलीकडे वेदपाठशाळेत एक आचार्य. मजकुरात होतं: “आचाऱ्यांना विचार, किल्ली त्यांच्याकडे असते.” मित्राची धाकटी बहीण खेळून बघत होती. ती तडक पाठशाळेत गेली. आचार्यांशी बोलली. पुन्हा बोलली. त्यांच्या मांजराशी बोलली. वीस मिनिटांनी वैतागून म्हणाली, “तुमचे आचार्य किल्ली देत नाहीत.” पडद्यावर बघितलं तर खरोखरच ‘आचार्यांना विचार’ लिहिलेलं.

झालं होतं असं, की हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरायचा. दुसऱ्या रीतीत साधा र, पाय मोडल्याची खूण आणि त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, ज्याचं काम एवढंच की ‘इथे रफार करू नकोस’ म्हणून सांगायचं. दिसायला जुळी, आतून वेगळी. माझ्या लॅपटॉपवर एक उमटायची, फोनवर दुसरी. आणि मित्राने मजकूर आत घेताना ‘स्वच्छ’ करून घेतला होता, म्हणजे न दिसणारी सगळी चिन्हं कचरा म्हणून झाडून टाकली होती. चिन्ह गेलं, रफार आला, आचाऱ्यांना पंडित करून गेला. शाळेत ‘दऱ्या आणि दर्या’ घोकून घेणाऱ्या बाईंचा मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्या बाई आमच्या चाचणी विभागात हव्या होत्या.

आणखी एक भांडण टिकटिकीचं. अशा खेळांत संवाद एकदम येत नाही, एकेक अक्षर उमटतं आणि प्रत्येकाला बारीक आवाज असतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी ‘स्त्री’ ला सहा वेळा टिक झालं, कारण साठवलेले तुकडे सहा. आणि उमटतानाही आधी स, मग स्, मग स्त, असं पडद्यावर काहीतरी अंगात आल्यासारखं हलायचं. ‘कि’ उमटताना आधी क यायचा आणि मग वेलांटीने त्याला उजवीकडे ढकललं की सगळी ओळ दचकायची. मित्र म्हणाला, तुकड्यांवर नको, मग कशावर मोजू? मी म्हटलं, लहान मुलाला ‘स्त्री’ मध्ये किती अक्षरं विचार. एक. तसंच मोज. त्याने तसा नियम लिहिला आणि त्या दिवसापासून मुलगी मराठीत बोलते असं वाटायला लागलं. ठिपक्यांत मी एवढे महिने घालवले, आणि अक्षरांना जीव आला तो आवाजाने.

ल बद्दल मात्र मी हट्ट केला. एकाच दंडाला एक वळसा देऊन निघणारा हिंदी वळणाचा ल पाच ठिपक्यांत आरामात बसतो. आपला पाकळीचा ल सात मागतो आणि तरी कुरकुरतो. २०२२ साली राज्य शासनाने मराठीत पाकळीचाच ल वापरावा असा निर्णय काढला, पण मी काही शासनाच्या धाकाने तसं केलं नाही. आमच्या गेममधल्या गावातल्या दुकानांच्या पाट्या मीच रंगवल्या होत्या, रंगाऱ्याच्या ब्रशच्या वळणाच्या. त्या पाट्यांखाली उभं राहून मुलगी दुसऱ्याच ल मध्ये बोलली असती तर ती पाहुणी वाटली असती.

या नादाचा एक तोटा आहे. बसच्या कपाळावरच्या दिव्यांच्या पाट्या मला आता वाचता येत नाहीत. म्हणजे दिसतात, पण मी दिवे मोजत बसते. मागच्या महिन्यात ‘कोथरूड’ मधला रू बघत राहिले. रु आणि रू मधला फरक त्या पाटीवर कुणीतरी दोन दिव्यांत काढला होता, आणि माझ्या फॉन्टमध्ये तेवढ्यासाठी चार गेले होते. बस निघून गेली. ते दिवे कुणी मांडले असतील, त्या माणसाला कधी कुणी फोन करून ‘रू छान झालाय’ म्हटलं असेल का, असं काहीतरी मनात येत राहिलं.

गणपतीच्या आधी सगळी अक्षरं एका चित्रात मांडून झाली. मी ते आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. ती आता शहात्तर वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मणी ओवणं सुटलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मला वाटलं, तिला कळलं नसेल काय आहे ते. रात्री साडेनऊला तिचा फोन.

“अगं, मोठं करून बघितलं. तुझा ळ झोपलाय.”

“झोपलाय म्हणजे?”

“डोळे मिटलेत त्याचे. मध्ये किती मणी घेतलेस?”

मी लॅपटॉप उघडला. “दोन.”

“एक घे.”

“एक घेतला तर दोन्ही वाट्या एकमेकींना चिकटतात, आत्या. मी करून बघितलंय.”

“मग खालचा काढ. वरचा ठेव. वाट्यांना खालून चिकटू दे, वरून नको.” पलीकडून काहीतरी चाचपडल्याचा आवाज आला, बहुधा चष्मा. “आणि शेवटी म ला पाय आहे का तुझ्या?”

“आहे.”

“किती ओळी घेतल्यास खाली?”

“तीन.”

“तीन!” ती म्हणाली. “मला कुणी तीन दिल्या असत्या तर.”